तीन गुणांचा फरक

आगरदांड्याहून दिघीला जाणारी जंगलजेटी खाडीच्या मध्यावर आली होती. दोन टेम्पो, काही दुचाक्या, कोंबड्यांचा एक पिंजरा आणि मूठभर माणसं घेऊन ती फेरीबोट अशी सावकाश चालली होती, की पलीकडचा किनाराच आपणहून जवळ येतोय असं वाटावं. थंडीची सकाळ होती. पाण्यावरचं धुकं अजून उठलं नव्हतं… आणि त्या धुक्याकडे ढुंकूनही न बघता प्रज्योत तांबे कठड्याशी बसून मांडीवरचा कागदांचा गठ्ठा वाचत होता.

"अहो चष्मेवाले, जरा पाय धरा."

त्याने दचकून वर पाहिलं. हाताच्या अंतरावर एक मुलगी गुडघे टेकून बसली होती. ओढणी कमरेला खोचलेली, वेणी वाऱ्याने अर्धी सुटलेली.

"कुणाचे?" त्याने विचारलं.

"माझे नाहीत. यांचे."

सुपारीच्या पोत्याला टेकून एक म्हातारा बसला होता. कपाळ घामाने डबडबलेलं, ओठ सुकलेले, आणि गळ्याजवळची शीर अशी थरथरत होती की लांबूनही दिसावी. मुलीचं एक बोट त्याच्या मनगटावर होतं.

"परत का, भागोजीकाका?"

"व्हय बाय… उरात कोंबडा फडफडतोय."

तिने पर्समधून एक रिकामी सिरिंज काढली. त्या पर्समध्ये कंगवा नव्हता, सिरिंज मात्र होती. "माहीत आहे ना? तोंडात धरा आणि फुंका. दांडा मागे सरकवायचाय. जोर लावा… अजून… थांबू नका… बस्स. आता आडवे व्हा. चष्मेवाले, पाय वर."

प्रज्योतने पाय उचलले. तांबड्या मातीने भरलेल्या, भेगाळलेल्या टाचा त्याच्या तळव्यात आल्या. ही सगळी कृती त्याने नुकतीच वाचली होती. रुग्णाला बसवून फुंकायला लावा, मग चटकन आडवं करून पाय वर धरा. धावत सुटलेलं हृदय पुष्कळदा तेवढ्यानेच ताळ्यावर येतं. 'सूचना स्पष्ट आहे का?' या प्रश्नाला त्याने सातपैकी सहा गुणही दिले होते. पण म्हाताऱ्या माणसाचे पाय किती जड असतात, आणि बोटीच्या इंजिनाची घरघर त्यांच्यातून आपल्या हातांत कशी येते… हे कुठल्याच पानावर नव्हतं.

"उतरले ठोके," ती म्हणाली. आणि हसली. ते हसू प्रज्योतला नव्हतंच, त्या मनगटाला होतं. तरी प्रज्योतला वाटलं, आपल्यालाही त्यातलं थोडं मिळालं.

"सोडा आता," ती म्हणाली.

"हो?"

"पाय. काकांचे आहेत, त्यांना लागतील."

त्याने घाईघाईने पाय खाली ठेवले. भागोजीकाका उठून बसले आणि आधी पोतं जागेवर आहे का ते बघून घेतलं.

"तुम्ही डॉक्टर आहात?" तिने विचारलं.

"हो. म्हणजे… नाही. तसा आहे."

"ठरवा सावकाश. दिघी यायला वेळ आहे."

"औषधशास्त्र शिकवतो. पेशंट पाहून बरीच वर्षं झाली."

"तरीच. पाय असे धरले होतेत, जशी लोणच्याची बरणी." तिने सुटलेली वेणी पुढे घेतली. "आणि दिघीला काय काम?"

"ग्रामीण रुग्णालयात जायचंय. तिथल्या डॉक्टर म्हात्रेंशी वाद घालायचाय."

"कशावरून?"

"तो… नियमच आहे तसा."

ती त्याच्याकडे पाहत राहिली. मग मांडी घालून ऐसपैस बसली आणि म्हणाली, "घाला मग. मीच जागृती म्हात्रे."

*

नियम खरोखरच तसा होता.

हृदय एकाएकी वेडंवाकडं धावू लागलं, किंवा चालता चालता अडखळू लागलं, तर पहिल्या काही मिनिटांत काय करायचं यावर देशोदेशीच्या तज्ज्ञमंडळांनी मार्गदर्शिका लिहून ठेवल्या आहेत. त्यांतली कुठली खरोखर चांगली आणि कुठली नुसतीच जाड, हे पारखून एक निवडायची, आणि तिच्यावरून किनाऱ्यावरच्या छोट्या रुग्णालयांसाठी भिंतीवर लावायचा तक्ता करायचा, असं एका समितीने ठरवलं होतं. प्रत्येक मार्गदर्शिका दोघांनी वाचायची. वेगवेगळं बसून, तिच्याबद्दल एकमेकांशी चकार शब्द न बोलता. पुरावे कसे शोधले, लिहिणाऱ्यांचे कुणाशी लागेबांधे आहेत का, गरीब रुग्णालयाला हे झेपेल का… असे ठरलेले प्रश्न, आणि प्रत्येकाला एक ते सात गुण. गुण समितीचं काम पाहणाऱ्या डॉक्टर विनिता मॅडमकडे पाठवायचे. ज्या प्रश्नावर दोघांत तीन किंवा त्याहून जास्त गुणांचा फरक पडेल, तिथे मॅडमचा शिरस्ता कडक होता. दोघांनी समोरासमोर बसायचं, पान उघडायचं आणि कारण सांगायचं. पटलं तर गुण बदलायचे, नाही पटलं तर तसेच ठेवायचे.

"फोनवर बोललं तर चालेल का?" प्रज्योतने सुरुवातीलाच विचारलं होतं. त्याला फोनसुद्धा जड जात होता.

"नाही. फोनवर माणसं हो हो म्हणून मोकळी होतात," मॅडम म्हणाल्या होत्या. "समोर बसा."

म्हणून त्या दिवशी भागोजीकाकांना रुग्णालयात नेऊन, त्यांची ईसीजीची पट्टी काढून, त्यांना खाटेवर झोपवून झाल्यावर दोघं पुन्हा दिघीच्या धक्क्यावर आली, ठमीमावशींच्या चहाच्या टपरीत. समोर भरतीचं पाणी होतं, बाकावर दोन ग्लास आणि मध्ये कागद.

"ही मार्गदर्शिका छोट्या रुग्णालयाला वापरता येईल का, याला तुम्ही सहा दिलेत," जागृती म्हणाली. "मी दोन. आधी तुम्ही बोला."

"त्यात एक अख्खं प्रकरण आहे. अडचणी दिल्यात, त्यावर उपायही…"

"वाचा उपाय."

प्रज्योतने वाचला. "हृदयतज्ज्ञांना तातडीने पाचारण करावे."

"करते पाचारण. कुठून येतील?"

"पनवेलहून… कदाचित."

"वाटेत ट्रक उलटला नाही, तर संध्याकाळपर्यंत येतील. माझे बाबा ट्रकच्या धंद्यातले आहेत, मला रस्ता माहीत आहे. तोवर मी पेशंटला काय सांगू? हृदयाला म्हणावं जरा दम धर, साहेब निघालेत?"

प्रज्योतने पेन काढलं, सहावर काट मारली आणि दोन लिहिले.

"एवढ्यात पटलं?" तिला जरा निराशाच वाटली. "मी अजून तीन मुद्दे काढून ठेवले होते."

"ते सांगा ना. मला ऐकायचेत."

ठमीमावशींनी टपरीतून मान बाहेर काढली. "म्हात्रे बाय, पावनं तुमचं ऐकतात का नुसतं बघतात?"

"मावशी, चहात साखर घाला, नजर नको."

प्रज्योत कानापर्यंत लाल झाला. मग सावरण्यासाठी त्याने दुसरा प्रश्न पुढे घेतला. पुरावे नीट शोधलेत का, याला तिने दोन दिले होते, त्याने सहा. त्याने गठ्ठ्याच्या तळातून परिशिष्ट काढलं आणि तिच्यासमोर धरलं. कुठली संशोधनं घेतली, कुठली का वगळली, सगळं तिथे बारीक अक्षरांत होतं.

जागृतीने वाचलं. परत वाचलं. "तुम्ही परिशिष्टं वाचता?"

"मी आधी परिशिष्टच वाचतो."

"का?"

"तिथे लिहिणारा गाफील असतो," प्रज्योत म्हणाला. "पुढच्या पानांवर तो चारचौघांत उभा असतो. परिशिष्टात खरा सापडतो."

तिने त्याच्याकडे पाहिलं, आणि यावेळी मध्ये कुणाचं मनगट नव्हतं. बोटीचा भोंगा झाला. प्रज्योतला उठायचं होतं, पण पाय उठेनात.

*

पुढची मार्गदर्शिका आली, आणि त्यापुढची. दर वेळी कुठेतरी तीन गुणांचा फरक पडे, आणि दर वेळी प्रज्योत एसटीने आगरदांड्याला येऊन बोटीत बसे. ज्या मार्गदर्शिकेचे गुण अजून दिले नाहीत तिच्याबद्दल बोलायची बंदी. म्हणून वाद मिटला की दोघं उरलेल्या साऱ्या जगाबद्दल बोलत. जागृतीच्या पेणच्या घराबद्दल, तिच्या आज्याच्या मिठागरांबद्दल. "पांढऱ्या ढिगांत लपाछपी खेळायचो आम्ही. घरी आलो की आई आधी चाटून बघायची, पोर खारट लागलं की पाठीत धपाटा." प्रज्योतच्या माणगावच्या घराबद्दल, मास्तर असलेल्या वडिलांबद्दल. त्यांनी त्याला पुस्तकं दिली, पण लोकांत मिसळायला शिकवायचं राहून गेलं.

"बोलता की बरं," जागृती म्हणायची.

"तुमच्याशी."

"माझ्याशी कोणीही बोलतं. मी गप्प बसूच देत नाही."

एकदा ती त्याला भागोजीकाकांच्या वाडीत घेऊन गेली. त्यांचं औषध बदलायचं होतं. अंगणभर सुपारी वाळत घातलेली होती, आणि पोफळींच्या शेंड्यांतून ऊन ठिपक्याठिपक्यांनी खाली उतरत होतं. काका ओटीवर बसून औषधाच्या पाकिटाकडे संशयाने बघत होते, एवढ्यात समुद्राकडून एक ढग आला. त्या दिवसांत पावसाचं काही काम नव्हतं. तरी आला… हलका, पिठासारखा भुरभुरत.

"सुपारी," काका उठले.

"तुम्ही बसा, धावायचं नाही," जागृतीने त्यांना दटावलं आणि प्रज्योतला हाक मारली, "चष्मेवाले, टोपली."

दोघं अंगणात वाकून सुपाऱ्या गोळा करू लागली. भिजली की काळी पडते, भाव जातो, एवढंच काका ओटीवरून ओरडत होते. पावसाचे थेंब प्रज्योतच्या चष्म्यावर बसले आणि सारं अंगण धूसर झालं. त्या धूसरपणात दोन हात एकाच सुपारीवर आले. त्याचा हात थांबला. तिचाही थांबला… सुपारी कोणीच उचलली नाही.

"दिसतंय का काही?" तिने हळूच विचारलं.

"नाही."

"मग असे का बघताय?"

तिने ओढणीच्या टोकाने त्याचा चष्मा पुसला, नीट, एकेक काच, आणि त्याच्या नाकावर परत ठेवला. तेवढ्यात पाऊस थांबलासुद्धा. ओटीवरून काका म्हणाले, "बाय, अर्धी सुपारी भिजली माझी. तुमचं चालू द्या."

त्या संध्याकाळी बोटीतून परतताना प्रज्योतने काहीच वाचलं नाही. पाण्यावर केशरी उजेड सांडला होता. आपल्याला ती आवडते, हे त्याला कळलं होतं. सांगायचं कसं, हे मात्र कळत नव्हतं. तिला आपण काय देणार? ती धावत्या हृदयाला हाताने थांबवते; आपण त्याबद्दल छापलेलं वाचतो. तिला कोणीही मिळेल, आणि त्या कोणीहीत आपण शेवटी, असं त्याला वाटत राहिलं. भेटी होताहेत, तेवढं पुरे. मतभेद आहेत, तोवर भेटी आहेत.

*

पण मतभेद संपत चालले.

वाचता वाचता प्रज्योतला आता तिचे डोळे मिळाले होते. 'तज्ज्ञांना पाचारण करावे' दिसलं की त्याचं पेन आपोआप खाली उतरे. आणि तिकडे जागृती परिशिष्ट वाचू लागली होती. दोघांचे गुण जवळ आले. फरक दोनाचा राहिला, मग एकाचा. एका मार्गदर्शिकेत तर कुठेच फरक पडला नाही.

विनिता मॅडमनी फोन केला. "शाबास. तुमच्या जोडीइतकी एकवाक्यता कुठल्याच जोडीत नाही. आता बसायची गरजच नाही, वेळ वाचला."

"हो," प्रज्योत म्हणाला. एकवाक्यतेची बातमी ऐकून इतका खचलेला माणूस मॅडमनी तोवर पाहिला नसेल.

आता एकच मार्गदर्शिका उरली होती, सगळ्यांत बारकी. खाडीकाठच्या आणि डोंगरातल्या छोट्या रुग्णालयांत काम केलेल्या डॉक्टरांनी मिळून ती लिहिली होती. प्रज्योत ती वाचू लागला आणि खुर्चीत सावरून बसला. पुरावे चोख. भाषा साधी. जवळ सिरिंज आहे आणि पाय उचलायला माणूस आहे, तर इथून सुरुवात करा. मशीन असेल तर हे, नसेल तर ते. कधी थांबायचं नाही, आणि पेशंटला पुढे कधी पाठवायचं… सगळं होतं. आतापर्यंत वाचलेल्यांत ही सर्वांत चांगली होती. जागृती हिला भरभरून गुण देणार, हे त्याला वाचतानाच ऐकू येत होतं.

म्हणजे फरक पडणार नाही. म्हणजे भेट नाही. आणि यापुढे काम नाही, म्हणजे कधीच नाही.

त्याने पेन उचललं. बराच वेळ ते तसंच धरून ठेवलं… आणि जिथे सहा द्यायचे, तिथे दोन दिले. आणखी काही प्रश्नांना तसंच. त्याने मनाशी पक्कं ठरवलं होतं. बैठक होईल, ती तावातावाने बोलेल, मी ऐकेन, मग सगळे गुण वर नेईन. कुणाचं काही बिघडणार नाही. फक्त ठमीमावशींच्या बाकावर एक दुपार मिळेल, आणि त्या दुपारी मी सांगेन.

गुण पाठवून झाले. तो बैठकीच्या निरोपाची वाट पाहू लागला.

निरोप आला तो वेगळाच. "समितीची सभा अलीकडे आणलीय," मॅडम म्हणाल्या. "अध्यक्ष परदेशी चाललेत. आता तुमची बैठक घ्यायला वेळ नाही. आहेत ते गुण धरले. ती बारकी मार्गदर्शिका तुमच्या गुणांमुळे किमान गुणांच्या रेषेखाली गेली, म्हणून वगळली. दुसरी, ती जाड, पुढे जातेय. भिंतीवर तीच लागेल."

"ती… पाचारणवाली?"

"तीच."

फोन ठेवून तो बसतो न बसतो, तोच दुसरा आला. जागृतीचा.

"मॅडमनी गुण कळवले," ती म्हणाली. आवाज शांत होता. तिने भांडण काढलं असतं तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं. "मला ती मार्गदर्शिका फार आवडली होती. पण तुम्ही दोन दिलेत, म्हणजे परिशिष्टात काहीतरी सापडलं असणार. माझ्या नजरेतून सुटलं. तेवढं सांगाल का? मला शिकायचंय."

तिचा विश्वास त्याच्या कानात शिशासारखा उतरला.

"मी उद्या येतो," तो म्हणाला. "समोर बसून सांगतो."

पण उद्यापर्यंत थांबून चालणार नव्हतं. त्याने तसाच विनिता मॅडमना फोन लावला.

"मॅडम, माझे शेवटचे गुण बाद करा. ते खरे नाहीत."

"म्हणजे? चूक झाली?"

"चूक नाही. मी मुद्दाम कमी दिले."

मॅडमचा आवाज कडक झाला. "तांबे, कुठल्या औषध कंपनीचा माणूस भेटला तुम्हाला?"

"कोणी नाही, मॅडम."

"मग हितसंबंध कुणाशी आहेत तुमचे?"

प्रज्योतने डोळे मिटले. "फरक पडला असता… तर डॉक्टर म्हात्रेंबरोबर बैठक झाली असती."

पलीकडे पेन टेबलावर ठेवल्याचा आवाज आला.

"त्यांना हे माहीत आहे?" मॅडमनी विचारलं.

"नाही. त्यांचे गुण स्वच्छ आहेत."

"ऐका. मी सभेत सांगते की एका परीक्षकाचे गुण बाद झालेत. नवा परीक्षक वाचेपर्यंत निवड थांबेल. अध्यक्ष चिडतील, ते मी बघते. पण तुमचं नाव अहवालात राहणार नाही, आणि या कामात तुम्ही पुन्हा नकोत."

"बरोबर आहे, मॅडम."

"बरोबर आहे म्हणू नका, राग येतो," मॅडम म्हणाल्या. "वेड्यासारखं काय केलंत हे. सरळ चहाला बोलवायचं होतं."

*

दुसऱ्या दिवशी दुपारी तो दिघीला उतरला तेव्हा जागृती धक्क्यावरच उभी होती. हातात ती बारकी मार्गदर्शिका होती, कडेकडेने खुणा केलेली. ठमीमावशींनी न सांगताच दोन चहा ठेवले.

"दाखवा," ती म्हणाली. "कुठलं पान?"

"पान नाही. मार्गदर्शिकेत काहीच खोट नाही. मी सहाच देणार होतो. आपले गुण जुळायला लागले. बैठका बंद झाल्या. फरक पडला तर भेट होईल, म्हणून मी… म्हणून दोन दिले. काल मॅडमना सगळं सांगितलंय. नवा परीक्षक नेमतील. मी कामातून बाहेर आहे."

जागृती ऐकत होती. तिने हातातले कागद हळूच बाकावर ठेवले.

"तो तक्ता माझ्या भिंतीवर लागणार होता," ती म्हणाली. "मी रजेवर असेन तेव्हा सिस्टर त्याच्याकडे बघून हात चालवणार. तुम्ही त्याच्याशी खेळलात?"

"हो."

"मला भेटायला."

"हो… मला तुम्ही आवडता. हे आधी सांगायला हवं होतं. हिंमत झाली नाही, म्हणून गुण कमी केले."

खाडीवर वारा पडला होता. धक्क्याला बांधलेली एक होडी उगाच डुलत होती. जागृती उभी राहिली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं की राग, त्याला वाचता आलं नाही.

"मी काल अर्धी रात्र परिशिष्ट वाचत बसले," ती म्हणाली. "तुमचं कारण शोधत. कारण तुम्ही उगाच काही लिहीत नाही, असं मला वाटत होतं." आणि ती निघाली. चहा तसाच राहिला.

ठमीमावशींनी ग्लास उचलले. या वेळी थट्टा केली नाही, एवढंच म्हणाल्या, "बोट लागलीय, पावनं. आता जा."

*

नव्या परीक्षकाने ती बारकी मार्गदर्शिका वाचली आणि तिला भरपूर गुण दिले. समितीने तीच निवडली. तक्ता छापून झाला आणि ठिकठिकाणी पोचला. प्रज्योतला हे मॅडमच्या एका ओळीच्या निरोपावरून कळलं. त्याने ती ओळ पुन्हा पुन्हा वाचली आणि बऱ्याच दिवसांनी त्या दिवशी नीट जेवला.

तिला फोन करण्याचा त्याला हक्क वाटत नव्हता. पण सुट्टीच्या दिवशी पाय आपोआप एसटी स्टँडकडे वळत. तो आगरदांड्याला येऊन धक्क्यावर बसे. बोट येई, गाड्या उतरत, गाड्या चढत, बोट जाई. तो चढत नसे. तिच्या किनाऱ्याला पाय लावायचा तर बोलावणं हवं, असं त्याला वाटे. पलीकडे दिघी निळसर दिसायची, स्वप्नातल्यासारखी… आणि तेवढ्यावर तो परत फिरायचा.

थंडी सरली. आंब्यांचा मोहोर गळून कैऱ्या धरल्या. अशाच एका सकाळी बोट लागली, टेम्पो उतरले, दुचाक्या उतरल्या, आणि सगळ्यांच्या मागून ओढणी सावरत जागृती उतरली.

प्रज्योत उभा राहिला. पुस्तक हातातून पडलं, ते उचलायचंही राहिलं.

ती समोर येऊन थांबली. "तक्ता लागला," ती म्हणाली. "परवा बोर्लीची एक बाई आली, ठोके मोजवत नव्हते. मी पोचेपर्यंत सिस्टरने सगळं केलं होतं. बाई उठून बसून चहा मागत होती."

"छान झालं. हे सांगायला आलात?" त्याने विचारलं.

"हे फोनवर सांगता आलं असतं."

"मग… मॅडमचं काही काम?"

"नाही."

"इकडे कुणी पेशंट?"

"नाही हो." ती धक्क्याच्या कडेला बसली, पाय पाण्याकडे सोडले. "काही काम नाही. तुम्ही इथे बसता, हे भागोजीकाका बोटीतून बघून सांगतात. यायला कारण शोधत होते, सापडलं नाही. तरी आले. असंही येता येतं, तुम्हाला माहीत नव्हतं ना?"

तो तिच्या शेजारी बसला, जरा अंतर राखून. तिने ते अंतर पाहिलं आणि सरकून मिटवलं.

"राग गेला?" त्याने विचारलं.

"थोडा ठेवलाय. लागेल पुढे." मग ती हळू आवाजात म्हणाली, "खरं सांगू? ती शेवटची मार्गदर्शिका वाचताना माझंही पेन थांबलं होतं. कमी दिले तर हा येईल, असं मनात आलं होतं. मग आमच्या खाटेवरचे पेशंट डोळ्यांसमोर आले, आणि मी खरे गुण दिले. फार जड गेलं मला. आणि तुम्ही खुशाल…"

प्रज्योत तिच्याकडे पाहत राहिला. इतके दिवस त्याने स्वतःला सगळ्यांच्या शेवटी उभं केलं होतं. आणि ही, त्याच दिवसांत, पेन हातात धरून त्याच्यासाठी थांबली होती.

"मी पुन्हा कधी असं करणार नाही," तो म्हणाला.

"करून बघ."

ते 'बघ' दोघांनाही ऐकू आलं. दोघांनीही मान वळवली नाही, फक्त ओठांच्या कडा हलल्या.

"आईला सांगितलं तुझ्याबद्दल," जागृती म्हणाली. "तिने विचारलं, 'तांबे कंचे?' म्हटलं, माणगावचे, मास्तरांचा मुलगा, बाबासाहेबांना मानणारं घर. तिने फोन ठेवून दिला."

"मग?" प्रज्योतने विचारलं.

"दुसऱ्या दिवशी तिनेच केला. म्हणाली, 'मासे तरी खातो का?'"

"खातो."

"मी तेच सांगितलं. तुझ्या घरी?"

"बाबा ऐकतील. आई आधी रडेल, मग तुला शिकवण्या लावेल."

"कसल्या?"

"घरात हळू बोलायच्या."

ती मनापासून हसली. हसता हसता तिचा खांदा त्याच्या खांद्याला लागला आणि तिथेच राहिला. समोर खाडीचं पाणी भरत होतं. दिघीला परतणारी बोट भोंगा देऊन सुटली… हळूहळू लहान होत गेली. धक्क्यावरून कोणी उठलं नाही.

"आता?" थोड्या वेळाने प्रज्योतने विचारलं.

"आता काय. भूक लागलीय मला. इकडे चहा कुठे चांगला मिळतो?"

"माहीत नाही. मी इथे नुसता बसून असायचो."

"चल मग," ती उठली आणि त्याला उठवायला हात पुढे केला. "शोधू."